जंजिऱ्याचा सिद्दी: मराठी वाचकाचा लाडका शत्रू

रायपूर स्टेशनाच्या पलीकडे असलेल्या गुढियारीतून अरबी समुद्र बघायचा, तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. तरी इथल्या मराठी घरात मुरुडजवळच्या जंजिरा या समुद्रातल्या किल्ल्याचा विषय काढून बघा. मुरुडला कधीही न गेलेला माणूससुद्धा कळवळून म्हणतो, ‘तेवढा एकच राहिला हो!’ ही हळहळ शाळेच्या पुस्तकाने पेरली आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनी वाढवली. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंतांची ‘छावा’, विश्वास पाटलांची ‘संभाजी’ वाचून झाल्यावर सिद्दी हा शब्दच दातओठ खात उच्चारला जातो. २०२५ साली ‘छावा’ चित्रपट छत्तीसगडमध्ये करमुक्त झाला, तेव्हा रायपुरातही या कादंबऱ्यांची पुन्हा आठवण निघाली.

पण जरा थांबा. जंजिरा म्हणजे आफ्रिकी वंशाच्या सिद्द्यांनी आफ्रिकेबाहेर उभारलेलं आणि १९४८पर्यंत टिकवलेलं राज्य. ब्राझील, जमैका, अमेरिकेत काळ्या माणसांच्या अशा स्वयंशासित वस्त्यांवर कादंबऱ्या निघतात, तेव्हा वाचक तटाच्या आत उभा राहून वाचतो. आपण मात्र वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत बसून वाचतो. इतिहास तोच, फक्त खुर्ची बदलली की काय काय दिसतं, त्याची ही भेळ.

वाचक हमखास विचारतात ते प्रश्न

सिद्दी जौहर जंजिऱ्याचाच ना?
नाही. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर कर्नूलचा, आदिलशाहीच्या बाजूने आलेला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी त्याची गल्लत इतकी पक्की बसली आहे, की ‘पावनखिंड’ चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक पुढच्या सुट्टीत मुरुडला जाऊन जौहरचा वाडा शोधतो. दख्खनभर हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे, सरदार होते. सगळ्यांचं गाव एक नव्हतं, धनीही एक नव्हता.

संभाजीराजांनी समुद्रात खरंच भराव घातला होता?
खरंच. १६८२ साली राजपुरीच्या किनाऱ्यावरून किल्ल्याच्या दिशेने खाडीत दगड टाकून वाट बांधायचं काम सुरू झालं होतं. कादंबरीकाराने रचलं असेल असं वाटणारा हा प्रसंग इंग्रजांच्या नोंदींत आहे. मोगल फौज कोकणात उतरली, राजांना मागे फिरावं लागलं आणि भराव अर्धवट राहिला. वाचकाला सगळ्यांत अशक्य वाटणारी गोष्ट नेमकी खरी निघते, याचा हा नमुना.

आणि कोंडाजी फर्जंद?
तेही खरं. अवघे ६० गडी घेऊन १६७३ साली पन्हाळा घेणारा हाच तो वीर. फितुरीचं सोंग घेऊन तो जंजिऱ्यात शिरला. बेत होता दारूकोठार उडवायचा. बेत फुटला आणि कोंडाजीला प्राण गमवावे लागले. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत हा भाग आला, तेव्हा घरोघरी डोळे ओले झाले होते. बेत कुणी फोडला? नोंद सांगते, किल्ल्यातल्या एका दासीने. तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

किल्ला कधी हातात येता येता निसटला का?
निसटला, आणि तोही लढाई न होता. १६७०च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांशी बोलणी करून किल्ला द्यायला तयार झाला होता. सिद्दी संबळ, सिद्दी कासम आणि सिद्दी खैर्यत या त्याच्याच तीन सरदारांनी त्याला कैद केलं, मोगलांशी संधान बांधलं आणि कारभार हातात घेतला. आपल्या कादंबऱ्यांत हे दोन ओळींत उरकतं. कुणी तटाच्या आतून लिहिलं, तर तो कादंबरीचा मध्यबिंदू होईल.

स्फोटाने महाराज जागे झाले, ही दंतकथा ना?
१६७१च्या शिमग्याला सिद्दी कासमने दंडा-राजपुरीवर रात्री हल्ला केला आणि मराठ्यांचं दारूकोठार उडालं. महाराज तेव्हा रायगडाकडे होते. ते दचकून उठले आणि ‘दंडा-राजपुरीला काहीतरी झालं’ असं म्हणाले, ही गोष्ट खाफीखान या मोगल बाजूच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. ती दंतकथा असली, तरी शत्रूच्या लेखणीतून आलेली आहे. महाराजांच्या कानांची अशी तारीफ खाफीखानाने करावी, यातच गंमत.

शिड्या लावणारा तो कोळी कोण?
लाय पाटील. मोरोपंतांच्या मोहिमेत रात्री जीव मुठीत धरून तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेवर पोचली नाही. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दी माणूस पालखीत बसून काय करणार? म्हणून ‘पालखी’ नावाचं गलबतच त्याला दिलं, असं सांगतात. या प्रसंगावर वाचक दोनदा उसासा टाकतो: एकदा कुमकेसाठी, एकदा गलबतासाठी.

वाचक कधीच विचारत नाहीत ते

रायगड सिद्दीकडे होता!
हे सांगितलं की भल्याभल्यांच्या हातातला चहा थबकतो. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला आणि पुढे तो सिद्दीच्या ताब्यात राहिला. मराठ्यांनी तो परत घेतला १७३३ साली. म्हणजे आपल्याला जंजिरा कधीच मिळाला नाही ही सल आपण तीन शतकं जपली. त्यांच्याकडे आपली राजधानी चाळिसेक वर्षं होती, हे कादंबरीच्या शेवटच्या पानापलीकडे राहून गेलं.

पेशवाईचं मूळही तिकडचंच
बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. श्रीवर्धन सिद्दीच्या मुलखात. सिद्दीशी बिनसलं, घराण्याला देशावर यावं लागलं आणि पुढचा सगळा इतिहास घडला. बाजीराव, चिमाजीअप्पा आणि पानिपत यांवरच्या कादंबऱ्यांची निम्मी शेल्फं भरली, त्यामागे हबसाणातून, म्हणजे सिद्दीच्या मुलखातून, उठलेलं एक बिऱ्हाड आहे. पुढे १७३६ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी सातला मारलं. जुना हिशेब तोवर चालूच होता.

गादी बापाकडून मुलाकडे? जरूर नाही
जुन्या काळात जंजिऱ्याचा प्रमुख गेला की त्याचा मुलगा आपोआप गादीवर बसत नसे. आरमारातला पहिल्या क्रमांकाचा सरदार कारभार हाती घेई. घराणेशाही पुढे आली, आणि भाऊबंदकी तिच्यासोबतच आली. १७३३ साली प्रमुखाच्या मृत्यूनंतर वारसांत जुंपली, तेव्हाच बाजीरावांना आत शिरायला फट मिळाली. राजकारणावरच्या कादंबऱ्या आवडणाऱ्या मराठी वाचकासाठी हे पंचपक्वान्न आहे, पण ताट अजून कुणी मांडलेलं नाही.

महाराजांच्या बाजूचे सिद्दी
अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी निवडून नेलेल्या दहा अंगरक्षकांत जिवा महालाबरोबर सिद्दी इब्राहिम हे नाव आहे. पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून गेला तो सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा वाहवाह त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे पन्हाळ्याखाली एक सिद्दी वेढा घालत होता आणि दुसरा सिद्दी तो फोडायला जिवावर उदार झाला होता. ‘सिद्दी म्हणजे शत्रू’ हे समीकरण मांडणाऱ्या वाचकाने हे पान पुन्हा उघडावं.

जहांगीरने लावलेला बाण
सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला गेलेला एक मुलगा दख्खनला पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलाम. मालकाच्या मृत्यूनंतर मुलगा स्वतंत्र झाला आणि पुढे सगळी निजामशाही चालवू लागला. तो मलिक अंबर. जहांगीरला त्याचा इतका संताप होता, की दरबारी चित्रकार अबुल हसनने बादशहाला अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण मारताना रंगवलं. प्रत्यक्षात हे कधीच घडलं नाही. मलिक अंबर १६२६ साली म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादेत त्याची कबर आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ऐतिहासिक काल्पनिकेचा इतका देखणा आणि इतका खोटा नमुना शोधून सापडणार नाही.

तलाव फोडून जिंकलेली लढाई
१६२४ची भातवडीची लढाई. अहमदनगरजवळ तलावाचं पाणी सोडून मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल करून टाकला. त्याच्या बाजूने लढत होते शहाजीराजे, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. गनिमी काव्याची तालीम भोसले घराण्याला कुठे मिळाली, हा प्रश्न विचारला की भातवडीचं नाव टाळता येत नाही.

शहर, नहर आणि नावं
मलिक अंबरने १६१०च्या सुमारास खडकी हे शहर वसवलं आणि त्याला पाणी देणारी नहर खोदवली. तीच खडकी पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजाही त्याचाच. नहरीचं श्रेय अंबरला देणारे पर्यटक पाणचक्कीचंही श्रेय त्यालाच देऊन टाकतात. ती अठराव्या शतकातली.

मुंबईवर हबशी तोफा
१६८९ साली सिद्दी याकूतने थेट मुंबईवर चाल केली, माझगाव घेतलं आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. औरंगजेबाची माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने १६९० साली सुटका करून घेतली. पुढे अर्धं जग जिंकणाऱ्यांना मुंबईच्या किल्ल्यात कोंडून ठेवणारे हे लोक. यावर मात्र मराठी वाचक शत्रुत्व विसरून गालातल्या गालात हसतो, हा अनुभव आहे.

दारावरचे सहा हत्ती
जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर एक शिल्प आहे: एका वाघासारख्या पशूने चार पंजांत चार हत्ती, तोंडात एक आणि शेपटीत एक असे सहा पकडलेत. सिद्दीने आसपासच्या सत्तांना दिलेला हा इशारा, असं राजपुरीचे होडीवाले सांगतात. बावीस एकरांच्या या बेटावर गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, भोवती खारं पाणी. वेढा का फसायचा, याचं उत्तर निम्मं तोफांत आहे, निम्मं त्या तलावांत.

नवाबाच्या घरातली प्रवासी
जंजिऱ्याच्या नवाब सिद्दी अहमदखानांच्या बेगम नाझली १९०८ साली युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. त्यांची बहीण अतिया फैझी, लंडनला शिकायला गेलेली, तिनेही लिहिलं. रणवाद्यांच्या पानांवरून उडी मारली की जंजिऱ्याच्या कथेत वाचन, चहा आणि स्टीमरची तिकिटंही सापडतात.

जंगलातले शेजारी

गोष्ट राजमहालांचीच नाही. पोर्तुगिजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी कित्येकजण पळाले आणि घाट उतरून-चढून आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जंगलात जाऊन राहिले. यल्लापूर, हल्याळ, अंकोला भागात त्यांच्या वस्त्या आहेत. बोली कोंकणीच्या अंगाने जाणारी, मराठी-कानडीची सरमिसळ असलेली. ब्राझीलच्या जंगलातल्या पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांशी खरं नातं जंजिऱ्यापेक्षा यांचं जवळचं. जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते होते. त्यांनी आसपासच्या कोळी-कुणब्यांवर हुकूम चालवला, गुलामही बाळगले. यल्लापूरच्या सिद्द्यांनी फक्त स्वतःचं जगणं स्वतः चालवलं.

त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची ‘कवंदी’ शिवतात. आपल्या गोधडीची ही जवळची बहीण. कोपऱ्यांना त्रिकोणी कापडाची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. कर्नाटकात या समाजाला २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० साली शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले. गुजरातेतल्या सिद्दी समाजातल्या हिराबाई लोबींना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि अहमदाबादच्या ज्या जाळीवरून तिथल्या आयआयएमचं बोधचिन्ह घेतलंय, ती सिद्दी सय्यदच्या मशिदीची जाळी १५७२-७३ची.

समुद्रापलीकडचे वाचक

पाल्मारेस, ब्राझील. पळालेल्या गुलामांनी सतराव्या शतकात जंगलात वसवलेली मोठी वसाहत. पोर्तुगिजांनी ती १६९४ साली फोडली. तिचा नेता झुंबी १६९५ साली २० नोव्हेंबरला मारला गेला. ब्राझीलने तो दिवस राष्ट्रीय सुट्टी केला आणि २०२४ साली ती देशभर पहिल्यांदा पाळली गेली. यावरची गेल जोन्स यांची ‘पाल्मारेस’ ही कादंबरी २०२१ साली आली. वीसहून जास्त वर्षांनी आलेली त्यांची कादंबरी, आणि थेट पुलित्झरच्या अंतिम यादीत. गोष्ट सांगते अल्मेइडा नावाची गुलाम मुलगी. वेढा घालणाऱ्याचा तंबू इथे पार्श्वभूमीला ढकललेला आहे.

ब्राझीलचीच चित्रं. मार्सेलो दसालेते यांच्या ‘कुंबे’ या चित्रकादंबरीला २०१८ साली अमेरिकेतला आयस्नर पुरस्कार मिळाला. पळालेल्या गुलामांच्या गोष्टी, फारच थोड्या शब्दांत.

जमैका. डोंगरातल्या ‘मरून’ लोकांशी, म्हणजे पळून जाऊन स्वतंत्र राहिलेल्या गुलामांशी, इंग्रजांना १७३९-४०च्या सुमारास तह करावा लागला. त्यांची म्होरकी नॅनी आज पाचशे डॉलरच्या नोटेवर आहे. तिथली माणसं नोटेलाच ‘नॅनी’ म्हणतात.

ओक्लाहोमा, अमेरिका. टोनी मॉरिसन यांच्या १९९७च्या ‘पॅराडाइज’मध्ये फक्त काळ्या माणसांनी वसवलेलं रूबी नावाचं गाव आहे. मॉरिसनना पुस्तकाचं नाव ‘वॉर’ ठेवायचं होतं, प्रकाशकांनी नको म्हटलं. टेक्सासच्या तुरुंगात या पुस्तकावर बंदी आली, कारण म्हणे दंगल भडकेल. ते पत्र त्यांनी चौकटीत घालून घरी न्हाणीघरात लावलं. अशी प्रतिक्रिया कुठल्या लेखकाला नको असेल?

वकांडा. ‘ब्लॅक पँथर’ हा २०१८चा चित्रपट काल्पनिक स्वतंत्र आफ्रिकी देशाचा. त्यातली एक टोळी हनुमानाचा जयजयकार करते. भारतातल्या चित्रगृहांत तो शब्द आवाजातून काढून टाकला. गुढियारीत, जिथे हनुमानाच्या देवळापुढे मंगळवारी रांग लागते, तिथे तो ऐकू आला असता तर शिट्ट्याच पडल्या असत्या.

न लिहिलेल्या पाच कादंबऱ्या

मराठी लेखकांनो, कथानकं तयार आहेत, फुकट घ्या.

एक, आपल्याच प्रमुखाला कैद करणारे तीन सिद्दी आणि एका रात्रीत ठरलेलं राज्याचं भवितव्य.

दोन, पन्हाळ्याखाली कैद झालेल्या मुलाची वाट बघणारा सिद्दी हिलाल.

तीन, गुलाम पोरगा ते निजामशाहीचा कर्ताधर्ता, मलिक अंबर. पण त्याच्याच नजरेतून.

चार, गोव्याहून पळून यल्लापूरच्या रानात पहिली झोपडी बांधणारं जोडपं.

पाच, कोंडाजीचा बेत फोडणारी दासी. आपण तिला फितूर म्हणतो. ती कुणाशी फितूर झाली? तिचं घर तो किल्लाच होता. कोठार उडालं असतं, तर तीही उडाली असती. तिने तोंड उघडलं आणि आपण तिला खलनायिका ठरवलं. तिच्या जागी आपण असतो तर गप्प राहिलो असतो का, याचं उत्तर ज्या वाचकाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असं द्यावंसं वाटेल, तो कोंडाजीसाठी हळहळत राहीलच. ते चूक नाही. फक्त त्याच पानावर तिच्यासाठीही थांबेल, आणि दोन्ही बाजूंनी रडवणारी कादंबरी मराठीत आली की सगळ्यांत आधी ती मागवेल. गुढियारीतला पत्ता लिहून ठेवा, पार्सल स्टेशनाच्या या बाजूला येतं.